छपराखालची हवा

मुंबईच्या उपनगरांत उन्हाळ्याविषयीच्या दोन तक्रारी कानावर येतात, आणि त्या वरवर एकसारख्या वाटल्या तरी त्यांचे मूळ अगदी निराळे आहे. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील बैठ्या चाळीत, सिमेंटच्या पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ज्यांचा निम्मा संसार चालतो, ते कुटुंब सांगते की दुपारी बारा ते चार या वेळात शिडी चढून वर पाऊल ठेववत नाही, मात्र रात्री दहानंतर त्याच माळ्यावर बऱ्यापैकी झोप लागते. बोरिवलीच्या एखाद्या चार मजली सोसायटीत गच्चीच्या लगत खाली राहणारे गृहस्थ याच्या नेमके उलट सांगतात: दुपार कशीबशी निभावते, पण रात्रीची पाने वाढायच्या सुमारास छत असे तापून येते की डोक्यावरचा पंखा जितका जोराने फिरवावा तितकी ऊनच हवा अंगावर येते. दोघेही अखेरीस विजेच्या सामानाच्या दुकानाची पायरी चढतात आणि एकच पृच्छा करतात की, छपराखालची तापलेली हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवला तर काही निभाव लागेल काय. दुकानदार दोघांनाही होकार देतो. वस्तुतः पहिल्याला अर्धा होकार आणि दुसऱ्याला जवळजवळ नकार मिळावयास हवा. तो का, हे समजण्यासाठी उष्णता घरात कोणत्या वाटेने आणि कोणत्या वेळी शिरते याची थोडी चौकशी करणे प्राप्त आहे.

मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या अलीकडे असल्यामुळे सूर्य वर्षातून दोन वेळा, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, शहराच्या नेमका माथ्यावर येतो. जुलैत आभाळ ढगांनी भरलेले असते, म्हणून ती दुसरी वेळ कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत माध्यान्हीचे ऊन भिंतींना जेमतेम स्पर्श करते आणि जवळजवळ सगळेच्या सगळे छपरावर पडते. निरभ्र दुपारी सपाट गच्चीच्या दर चौरस मीटरवर सुमारे ९०० ते १००० वॅट इतकी शक्ती उतरत असते. पाचशे चौरस फुटांच्या घरावरील गच्चीपुरता हिशेब केला तरी तो चाळीस किलोवॅटांच्या वर जातो. यातला बराच मोठा भाग गच्ची वाऱ्याला आणि आभाळाला परत करते, हे आपले भाग्य. उरलेला खाली येतो. तात्पर्य, आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यात घर तापते ते प्रामुख्याने छपरातून, आणि ज्याच्या डोक्यावर दुसऱ्याचे घर आहे त्याला या प्रकरणात फारसे स्वारस्य वाटण्याचे कारण नाही.

समुद्र जवळ असल्याचा फायदा आपल्याला मिळतो, पण तोही बिनशर्त नाही. मार्च-एप्रिलमध्ये ज्या दिवशी जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात आणि समुद्रावरचा वारा दुपार कलेपर्यंत रेंगाळतो, त्या दिवशी उपनगरांतला पारा भराभर चढतो; सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेला ४२.२ अंश सेल्सिअसचा उच्चांक १४ एप्रिल १९५२ या दिवशीचा आहे. शिवाय किनाऱ्यावरच्या दमट हवेत दिवस आणि रात्र यांच्या तापमानात विदर्भातल्यासारखी मोठी तफावत पडत नाही. नागपुरात किंवा अकोल्यात रात्री दारे-खिडक्या उघडल्या की घर थंड होण्याची जी खातरी असते, ती अंधेरीत नसते. येथे बाहेरची हवा स्वतःच अठ्ठावीस अंशांवर घाम गाळीत उभी असते. पंखा बाहेरची हवा आत आणू शकतो, पण तिला बाहेर असल्याहून थंड करून आणू शकत नाही, ही गोष्ट साधी असली तरी पंखे विकत घेताना ती हटकून विसरली जाते.

आता ही छपराखालच्या पंख्याची कल्पना मुळात कोठली, ते पाहू. अमेरिकेत बहुतेक राहती घरे लाकडी सांगाड्याची आणि उतरत्या छपराची असतात. छप्पर व खोल्यांचे छत यांच्यामध्ये एक बंदिस्त, त्रिकोणी पोकळी राहते, तिच्या तळाशी उष्णतारोधक लोकरीचा जाड थर अंथरलेला असतो आणि त्या पोकळीतील हवा उन्हाने पन्नास-साठ अंशांपर्यंत तापते. त्या हवेला बाहेरची वाट मिळावी म्हणून वळचणीला आणि आढ्याला झरोके ठेवतात, आणि झरोक्यांनी काम भागले नाही तर पंखा बसवतात. पोकळीच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या हिश्श्याइतके उघडे तोंड झरोक्यांना असावे असा तिकडचा जुना दंडक आहे. गंमत अशी की तो दंडक मुळात उष्णतेसाठी नव्हे, हिवाळ्यात छपराखाली साचणाऱ्या ओलाव्यासाठी घातला गेला होता. तेथेही या पंख्याविषयी एकवाक्यता नाही. कारण छतात जर बारीकसारीक फटी असतील, आणि जुन्या घरांत त्या असतातच, तर पंखा बाहेरची हवा ओढण्याऐवजी खालच्या खोल्यांतील, वातानुकूलन यंत्राने पैसे खर्चून थंड केलेली हवाच वर ओढून बाहेर फेकू लागतो, आणि वाचलेल्या विजेपेक्षा वाया गेलेली वीज अधिक होते.

उतरत्या छपराची घरे आपल्या उपनगरांना काही अपरिचित नव्हती. अंधेरीच्या आसपास मरोळ, चकाला, कोंडिविटे यांसारख्या गावठाणांत ईस्ट इंडियन मंडळींची, आणि १९२२ च्या सुमारास क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी स्थानकापासून पाच रस्त्यापर्यंत आखून दिलेल्या मुलुंडात मध्यमवर्गीयांची, मंगलोरी कौलांची टुमदार घरे होती. त्यांपैकी तुरळक काही अद्याप उभी आहेत. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ साली स्थापन झाली, आणि त्यानंतर उपनगरांत विजेचे जाळे पसरत गेले. तोपर्यंत या घरांना पंख्याविनाच उन्हाळा काढणे भाग होते, आणि त्यांची रचना त्या गरजेतूनच सिद्ध झालेली होती. कौलाला कौल बिलगलेले असले तरी त्यांच्या सांध्यांतून हवा सुटते. शेकडो कौलांच्या शेकडो फटी मिळून एक मोठा झरोकाच होतो. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत लाकडी पट्ट्यांच्या जाळ्या असत, त्यांतून वारा आरपार जाई. आणि सर्वांत महत्त्वाची ती तक्तपोशी: वाशांच्या खाली ठोकलेल्या फळ्यांचे ते छत तापलेल्या कौलांना खालच्या माणसाच्या दृष्टीआड करी. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली, तेव्हा त्यांच्याबरोबर हवेचे हे सगळे शास्त्र कोणी पुस्तकरूपाने पाठवले नव्हते. सुतार-गवंड्यांना ते ठाऊकच होते. अशा घराच्या मालकाने पंख्याची दरखास्त मांडली तर त्याला इतकेच विचारावे की, टोकाच्या भिंतीतल्या त्या जाळ्या कबुतरांच्या त्रासाने बंद तर केल्या नाहीत ना, आणि कौलांखाली गळतीच्या भीतीने प्लास्टिकचा कागद तर अंथरला नाही ना. बहुधा दोन्ही गोष्टी झालेल्या असतात. मेमध्ये शाकारणीच्या वेळी त्या जाळ्या मोकळ्या करून त्यांवर बारीक तारेची जाळी मारली की पंख्याचा विषय बहुशः तेथेच निकालात निघतो.

तक्तपोशीचा उल्लेख वर मुद्दाम केला, कारण पंखेवाल्यांच्या हिशेबात जी गोष्ट कधीच येत नाही ती तिच्यात सामावलेली आहे. तापलेली वस्तू आपली उष्णता केवळ हवेला देते असे नाही. ती हवेला वळसा घालून, प्रकाशासारखी सरळ रेषेत, समोरच्या थंड वस्तूवर किरणांच्या रूपाने फेकते. सिमेंटच्या पत्र्याची खालची बाजू दुपारी ५५ अंशांवर असेल आणि माळ्याची जमीन ३५ अंशांवर असेल, तर पत्र्याच्या दर चौरस मीटरातून सुमारे सव्वाशे वॅट खाली फेकले जातात; दहा चौरस मीटरांच्या माळ्यावर हा आकडा हजारावर जातो, म्हणजे एक शेगडी दुपारभर डोक्यावर पेटती ठेवल्यासारखेच ते होते. या किरणांना पंख्याने वारा घालून काही फरक पडत नाही. माळ्यावरची हवा पंख्याने पाच अंशांनी उतरली तरी डोक्याला पत्र्याची झळ लागतच राहते, आणि घरातले वडीलधारे माणूस म्हणते की पंखा फिरतो आहे पण डोके तापायचे काही थांबत नाही. त्याचे म्हणणे शास्त्रास धरून असते.

घाटकोपर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यांतल्या बैठ्या चाळींचा पोटमाळा जवळून पाहिला तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. खाली दहा बाय बाराची खोली, तिच्यावर लोखंडी अँगल आणि फळ्या टाकून केलेला माळा, आणि माळ्यावर उभा माणूस मधल्या भागातच जेमतेम ताठ होऊ शकेल इतक्या उंचीवर पन्हळी पत्रा. पत्रा आकडेदार बोल्टांनी अँगलला जखडलेला असतो, बोल्टाच्या डोक्याखाली डांबरी वायसर असतो, आणि उन्हाने पत्रा ताणला गेला की अधूनमधून त्यातून कडकड असा आवाज येतो. आता पत्रा जेथे भिंतीवर टेकतो तेथे पाहावे. पत्रा पन्हळी, भिंत सरळ. म्हणून प्रत्येक पन्हळीखाली चिमणी आत येईल एवढे एकेक अर्धचंद्राकृती भोक आपोआप राहिलेले असते. ही भोके म्हणजे त्या घराला फुकट मिळालेले वळचणीचे झरोके. आणि उंदीर, घुशी, पागोळ्यांचे तुषार, शेजाऱ्याच्या फोडणीचा खाट या सर्वांच्या बंदोबस्तासाठी ती सिमेंटने, गोणपाटाने किंवा जुन्या साडीच्या बोळ्यांनी काटेकोरपणे बुजवलेली असतात. तापलेल्या हवेची वाट अशा रीतीने दोन्हीकडून बंद करून, मग मधोमध पंखा बसवावा काय, असा विचार सुरू होतो.

हवा ओढणाऱ्या पंख्याला जेवढी हवा बाहेर टाकायची तेवढी आत येण्यास वाट लागते, हे सांगावे लागू नये. पण सांगावे लागते. बारा इंची साधा एक्झॉस्ट पंखा तासाला अदमासे हजार ते दीड हजार घनमीटर हवा हलवू शकतो. मिनिटाला तीनशे घनफूट हवेमागे एक चौरस फूट मोकळे तोंड, असा ढोबळ हिशेब धरला तर अशा पंख्याला दोन ते तीन चौरस फूट वाट हवी, आणि तिच्यावर डासांची बारीक जाळी लावायची असल्यास जवळजवळ दुप्पट. एवढी वाट नसेल तर पंखा नुसता घरघरतो, विजेचे आकडे फिरतात आणि हवा जागची हलत नाही. ज्या माळ्याला वळचणीची ती अर्धचंद्राकृती भोके जाळी मारून उघडी ठेवता येतात, आणि पलीकडच्या टोकाला भिंतीत उंचावर पंख्यापुरता गाळा पाडता येतो, तेथे पंखा खरोखर काम करतो: आतली हवा बाहेरच्याहून दहा अंशांनी ऊन असताना तासाला हजार घनमीटर हवा बाहेर पडली, तर तिच्याबरोबर तीन किलोवॅटांहून अधिक उष्णता निघून जाते. यासाठी पन्नास-साठ वॅटांचा पंखा दुपारचे सहा तास चालवला तर दिवसाला युनिटाचा तिसरा हिस्सा वीज लागते. विजेच्या बिलाची धास्ती बाळगण्याचे येथे कारण नाही. मुलुंडात महावितरणचे मीटर असो की घाटकोपरात दुसऱ्या कंपनीचे, हा खर्च चहाच्या खर्चात जिरून जाईल.

पण क्रम चुकता कामा नये. पत्र्याच्या खाली चार-सहा इंच अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या, प्लायवूड किंवा चकचकीत फॉइल लावलेले तक्ते ठोकले, म्हणजे तक्तपोशीचाच गरीब अवतार तयार केला, की किरणांची वाट अडते. आणि मग तापलेली हवा त्या मधल्या पोकळीत कोंडते. पंखा किंवा झरोका लावायचा तो त्या पोकळीला. अस्तर नसलेल्या पत्र्याखाली केवळ पंखा हा अर्धा उपचार होय, आणि अस्तर नीट असेल, पोकळीला दोन्ही टोकांना तोंडे असतील, तर पंख्याचे काम पुष्कळदा वारा स्वतःच करून टाकतो. थर्माकोल स्वस्त मिळतो म्हणून तो चिकटवण्याची जी चाल पडली आहे ती मात्र मला पसंत नाही. तो सहज पेट घेतो आणि त्याचा धूर जिवावर बेतणारा असतो, शिवाय उघड्या वायरी ज्या माळ्यावर पत्र्याला लगटून गेलेल्या असतात तेथे तर त्याचा विचारही करू नये. याउलट पत्र्यावर दुधीचा किंवा भोपळ्याचा वेल चढवणारी जी कुटुंबे चाळींतून दिसतात, त्यांनी बिनखर्चाने सावली आणि भाजी या दोहोंची सोय केलेली असते.

पत्र्याविषयी आणखी एक सावधगिरी. जुने सिमेंटचे पत्रे अॅस्बेस्टॉसच्या तंतूंनी मजबूत केलेले असतात. असे पत्रे बनवणारा एव्हरेस्टचा कारखाना एके काळी मुलुंडातच होता. अखंड पत्र्यापासून धोका थोडा, पण पंख्यासाठी त्यात कोरड्या यंत्राने गोल भोक पाडले की तंतूंची धूळ उडते आणि ती फुप्फुसांत जाऊन बसली की बाहेर निघत नाही. म्हणून गाळा पाडायचा तो भिंतीत, पत्र्यात नव्हे. आणि पत्र्याला हात लावणे अगदीच अपरिहार्य झाले तर तो पाण्याने भिजवून, नाकातोंडावर मुखपट्टी बांधून आणि मुलाबाळांना शेजारी धाडून.

वरून भोक न पाडण्यास दुसरे कारण पाऊस. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो सरळ न पडता वाऱ्याबरोबर आडवा झोडपतो, आणि २६ जुलै २००५ रोजी तर एका दिवसात तेथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या दिवशी कुलाब्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी पाऊस होता, ही उपनगरवासीयांनी ध्यानात ठेवण्यासारखी बाब आहे. अमेरिकेतील चित्रे पाहून छपराच्या उतारावर पंख्याचे टोपडे बसवणाऱ्याने पहिल्या पावसातच बादल्या मांडायची तयारी ठेवावी. कारखान्यांचे म्हणून वेगळे असते. अंधेरी-मरोळच्या औद्योगिक वसाहतीत गाळ्यांच्या छपरांवर जी चकाकणारी, वाऱ्याने आपोआप फिरणारी घुमटे दिसतात, ती विजेशिवाय हवा ओढतात खरी, पण त्या गाळ्यांची उंची वीस-पंचवीस फुटांची असते, तापलेली हवा वर चढण्यास तेथे अवकाश मिळतो, आणि वर्षाकाठी सांधे पाहणारा माणूस पगारावर असतो. सात फुटी माळ्यावर तेच घुमट आळसावलेले राहते. मागे-पुढे इमारती उठल्याने वाराच अडला असेल तर ते फिरतही नाही.

येथवर पत्रा आणि कौल यांचा विचार झाला. परंतु उपनगरे १९५० आणि १९५७ साली दोन टप्प्यांत मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली, त्यानंतर कौलांच्या जागी सिमेंट-काँक्रीटचे सपाट स्लॅब झपाट्याने उभे राहिले, आणि आज बहुसंख्य तक्रारदार त्या स्लॅबखालचे आहेत. या घरांची मूळ अडचण अशी की त्यांना छपराखालची पोकळीच नाही. स्लॅब हेच छप्पर आणि स्लॅब हेच छत. पंख्याने हवा ओढायची ती कोठली?

स्लॅबचा स्वभाव पत्र्याहून सर्वस्वी भिन्न आहे. पत्रा पातळ, सूर्य ढळला की अर्ध्या तासात निवतो, म्हणूनच घाटकोपरच्या त्या कुटुंबाला रात्री झोप लागते. पाच इंची स्लॅब आणि त्याच्यावर पाणी मुरू नये म्हणून केलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा यांच्यातून उष्णता पार होण्यास सहा-सात तास लागतात. दुपारी एक वाजता गच्चीवर पडलेले ऊन रात्री आठला खालच्या खोलीत उतरते. वजनाचा हिशेब पाहिला तर मन थक्क होते. पाचशे चौरस फुटांच्या घरावर असा स्लॅब म्हणजे कोबा सोडूनही सुमारे १४ टन काँक्रीट. ते केवळ एका अंशाने निववायचे तरी जवळजवळ साडेतीन किलोवॅट-तास उष्णता बाहेर न्यावी लागते. खोलीतील हवा बाहेरच्याहून चार अंशांनी ऊन आहे असे धरून चांगला पंखा रात्रभर, आठ तास, लावून ठेवला आणि त्याने ओढलेली सगळी उष्णता स्लॅबचीच होती असे त्याच्या बाजूने मानून दिले, तरी पहाटेपर्यंत स्लॅब तीन अंशांनी उतरतो. तोवर पूर्वेला उजाडते आणि गच्ची पुन्हा तापू लागते. रात्री एका खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावावा, समोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या आणि खोलीतील कोंदट हवा काढून टाकावी, इतपत उपाय जरूर करावा, त्याने जिवाला बरे वाटते. पण त्याला कोणी छताचा उपाय समजू नये.

तरीही काही मंडळी स्लॅबखाली पीओपीचे खोटे छत बांधून घेतात, त्यात रंगीबेरंगी दिवे बसवतात, आणि वरच्या सहा-नऊ इंचांच्या पोकळीला पंखा जोडण्याचा बेत करतात. खोटे छत किरणांना अडवते हे खरे, आणि तेवढा त्याचा लाभ पदरात पडतो. पण त्या पोकळीतून हवा ओढायची तर ती येणार कोठून, याचे उत्तर नकाशावर आधी काढावे. अन्यथा पंखा ती स्वयंपाकघरातून किंवा संडासाच्या डक्टमधून ओढतो, आणि सोसायटीतल्या साऱ्या घरांचा दरवळ आपल्या दिवाणखान्यात उतरतो. यातला एक धोका विनोदाचा नाही. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल आणि घराच्या खिडक्या बंद ठेवून जोरकस पंखा हवा बाहेर ओढत असेल, तर गिझरचा विषारी वायू बाहेर जाण्याऐवजी उलटा घरात खेचला जातो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि आंघोळीला गेलेले माणूस बाहेर येत नाही. गॅसचा गिझर असलेल्या घरात असा पंखा बसवण्यापूर्वी गिझर बाहेरच्या हवेत हलवावा किंवा बदलावा. ज्याला हे शक्य नाही त्याने पंख्याचा बेत रहित करावा.

स्लॅबला भोक पाडून वर पंखा बसवण्याची कल्पनाही कधीमधी ऐकू येते. ती ऐकणाऱ्याने तिथेच थांबवावी. त्यात सळया तुटतात, पाणी मुरते, आणि गच्ची ही वरच्या मजल्यावरील सदस्याची खासगी मालमत्ता नसून सगळ्या सोसायटीची असते. सहकारी संस्थांच्या १९६० च्या अधिनियमाखाली नोंदलेल्या सोसायटीत कार्यकारी मंडळाकडे अर्ज गेला तर त्यावर काय शेरा पडेल हे वर्तवण्यास ज्योतिषी नको. मात्र हीच बाब उलट्या बाजूने उपयोगी पडते. गच्ची सोसायटीची, तर गच्चीवर उन्हापासून संरक्षण करणे हीही सोसायटीच्या दुरुस्ती-निधीतून करण्याजोगी गोष्ट आहे, आणि वरच्या मजल्यावरील सभासदाने पंख्याच्या किमतीचा विचार करण्याऐवजी वार्षिक सभेत ही तजवीज मांडावी.

ती तजवीज कोणती? सर्वांत साधी म्हणजे पांढरा रंग. जुन्या काळवंडलेल्या कोब्यावर पडलेल्या उन्हाचा चतुर्थांश-तृतीयांशच परत फेकला जातो. पांढऱ्या चायना मोझॅकच्या तुकड्यांची किंवा परावर्तक रंगाची ताजी गच्ची दोन-तृतीयांशाहून अधिक परत फेकते. गळती थांबवण्यासाठी डांबरी फेल्ट अंथरणाऱ्या सोसायट्यांनी मात्र आपल्या वरच्या सभासदांच्या डोक्यावर काळा तवा ठेवला आहे. वर चंदेरी थर असला तर थोडेफार निभावते. पांढरेपण टिकवावे लागते, पहिल्या पावसाच्या शेवाळाने आणि धुळीने ते मंदावते, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस गच्ची धुऊन घेणे हे कोणत्याही पंख्यापेक्षा किफायतीचे काम आहे. २०१८ साली केंद्र सरकारने निवासी इमारतींसाठी काढलेल्या इको निवास संहितेत छपराच्या दर चौरस मीटरातून, दर अंशाच्या फरकामागे, १.२ वॅटांहून अधिक उष्णता जाऊ नये अशी मर्यादा घातली आहे. उघड्या स्लॅबचा आकडा साडेतीनच्या आसपास पडतो. हा एवढा फरक भरून काढायचा तर स्लॅबवर उष्णतारोधक थर हवा, आणि तो थर स्लॅबच्या वर हवा, खाली नव्हे, म्हणजे ते चौदा टन मुळात तापतच नाहीत.

दुसरा मार्ग उपनगरांत लोकांनी आपणहून शोधून काढला आहे आणि त्याची पुरेशी वाखाणणी झालेली नाही. गळतीला कंटाळून कित्येक सोसायट्या परवानगी काढून गच्चीवर लोखंडी खांबांवर पत्र्याची शेड उभारतात. हेतू पावसाचा, पण फळ उन्हाळ्यात मिळते: ऊन शेडच्या पत्र्यावर पडते, शेडच्या चारही बाजू उघड्या असल्याने मधून वारा वाहतो, आणि स्लॅबवर सावली राहते. अमेरिकेतल्या घराला जी पोकळी जन्मतः असते ती आपण अशी वरून जोडतो, आणि चारही बाजूंनी मोकळी असल्यामुळे तिला पंख्याची गरज राहत नाही. सौर विजेचे तक्ते हात-दीड हात उंचीवर बसवले तर तेही हेच काम करतात आणि वर वीज देतात.

हे सगळे वाचूनही ज्याच्या मनातला संशय फिटला नसेल, त्याने पैसे खर्च करण्यापूर्वी दोन साधे तापमापक विकत घ्यावे. एक छतापासून वीतभर खाली टांगावा, दुसरा बाहेर सावलीत. आणि एप्रिलमधले तीन-चार दिवस दुपारी दोन वाजता व रात्री नऊ वाजता दोन्ही आकडे वहीत मांडावे. छपराखालचा आकडा बाहेरच्याहून सहा-आठ अंशांनी वर असेल, तर तेथे ओढून काढण्याजोगी हवा आहे, पंख्याला काम आहे. फरक दोन-तीन अंशांचाच असेल, पण हात वर केल्यावर तळव्याला झळ लागत असेल, तर त्रास हवेचा नसून छताचा आहे, आणि पंखा परत करावा लागेल. सोबत एक उदबत्ती पेटवून वळचणीच्या भोकांशी, दाराच्या फटीशी, डक्टच्या खिडकीशी धरावी. धूर कोणत्या बाजूला झुकतो त्यावरून हवा कोठून येते आणि कोठे जाते हे वायरमनला सांगता येते. तो परवानाधारक असावा, पंख्याची जोडणी गळतीचा प्रवाह तोडणाऱ्या स्विचमधून घ्यावी, आणि वायर पत्र्याला चिकटून न नेता नळीतून न्यावी; साध्या वायरीचे वेष्टन ७० अंशांपर्यंतच टिकेल असे बनवलेले असते, आणि मेमधल्या पत्र्याला तो आकडा फार दूर नसतो. भिंतीतल्या गाळ्याला बाहेरून उतरत्या पट्ट्यांची झडप लावून घ्यावी, म्हणजे पंखा बंद असताना ती आपोआप मिटते, पाऊस आणि पारवे दोन्ही बाहेर राहतात. हे काम मार्चमध्येच उरकावे. मेअखेरीस वायरमन मिळत नाही, आणि मिळाला तर तो पावसाळी ताडपत्रीच्या कामात गुंतलेला असतो.